चिडक्या मुलांसाठी बोका

मी रागीट आहे असं जो कोणी म्हणतो तो खोटारडा आहे, आणि समोर आला तर त्याला उभा सोलून काढीन! मी वीज कार्यालयात तक्रार खिडकीवर बसतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "बसा, बघतो" म्हणतो. असा माणूस रागीट असेल का? घरी आल्यावर थोडा आवाज चढतो, तो फक्त घसा मोकळा करण्यापुरता.

तर खेळण्याची कल्पना माझी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मेव्हणा सगळीकडे "आमची कल्पना" म्हणत फिरतो. शेजारचं कार्टं जिन्यात आडवं पडून भोकाड पसरत होतं, तेव्हा मला सुचलं, एक कापडी बोका करावा. चिडलेल्या मुलाने त्याच्यावर ओरडायचं. बोका कान पाडणार, पंजा पुढे करणार आणि म्हणणार, "झालं? आता पाणी पी." मूल गार!

मेव्हण्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. हल्ली घड्याळं कोणी दुरुस्त करून घेत नाही, त्यामुळे त्याच्याकडे स्क्रू भरपूर आणि वेळ त्याहून भरपूर. सहा महिने तो आमच्या जेवणाच्या टेबलावर बोका उघडून बसला. बोक्याला आवाज दिला आमच्या हिने. ते चार शब्द तिने इतके सहज म्हटले की दुसऱ्यांदा रेकॉर्ड करावेच लागले नाहीत.

शहरातलं सगळ्यात मोठं खेळण्यांचं दुकान वर्षातून एक दिवस बाहेरच्यांची खेळणी बघतं. त्या दिवशी निघताना ही दारात आडवी आली.

"अहो, तिथे आवाज चढवायचा नाही. माझ्या भावाचं दुकान बंद पडायला आलंय. एवढं एक काम होऊ द्या."

"मी कधी आवाज चढवतो?" मी ओरडलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत खरेदीच्या बाई बसल्या होत्या. आमच्या आधी एक निवृत्त चित्रकला मास्तर घडीचा जिराफ घेऊन आले होते. जिराफाची मान उघडली ती परत मिटेना, तेव्हा ते मान काखोटीला मारून कोपऱ्यात जाऊन बसले. मला मनातून फार बरं वाटलं.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

मी बोका टेबलावर ठेवला आणि खणखणीत ओरडलो, "काय रे ए मूर्खा!"

बोका ढिम्म.

"गाढवा!" बोका माझ्याकडे काचेचे डोळे लावून बसलेला. बाई ओरडून बघू लागल्या. मास्तर कोपऱ्यातून ओरडले. काही नाही! मेव्हण्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"भाऊजी, हा तुमचा ऑफिसातला आवाज आहे. घरचा काढा."

"घरचा म्हणजे?"

"आवाजाचा स्क्रू मी घरीच पिळला ना, तुमच्या आवाजावर. आपल्याकडे दुसरं कोणी ओरडतच नाही! सकाळी एकदा, संध्याकाळी तीनदा चाचणी व्हायची. मुद्दाम काही करावं लागलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! म्हणजे सहा महिने मी चिडत होतो आणि हा स्क्रू पिळत होता?

"तुला लाज वाटत नाही?" मी कडाडलो. "माझ्याच टेबलावर बसून? परवा जेवताना दाताखाली स्प्रिंग आली ती मी गिळली, केवळ तुझ्या बहिणीकडे बघून!"

बोक्याने कान पाडले, पंजा पुढे केला. "झालं? आता पाणी पी."

मास्तरांच्या जिराफाची मान खाडकन मिटली.

बाईंना हसू आवरेना. "खेळणं छान आहे हो! पण एवढं ओरडणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. जरा नाजूक करा, मग घेऊ."

घेऊ म्हणाल्या! मेव्हण्याचा चेहरा असा उजळला की मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं. त्याने बोक्याची पाठ उघडून स्क्रू सैल केला. आनंदाच्या भरात जरा जास्तच सैल केला. तेवढ्यात दुकानाचे मालक मोबाईलवर कोणाला तरी झापत आत आले.

"माल आजच पाहिजे!"

"झालं? आता पाणी पी."

मालक गर्रकन वळले. "कोण बोललं?"

"झालं? आता पाणी पी."

"माझ्या दुकानात मला पाणी प्यायला सांगता?"

"झालं? आता पाणी पी."

मेव्हणा बोक्याचं तोंड दाबत होता, पण आवाज पोटातून येत होता. मालक लालबुंद होऊन म्हणाले, "उचला हे भंगार!"

तिथे मी गप्प राहायला हवं होतं. मला ठाऊक आहे, सांगायला नको! पण भंगार? सहा महिन्यांची मेहनत, आणि भंगार?

"भंगार कोणाला म्हणतोस रे?" मी घरचा आवाज लावला. पुढचं सांगत नाही. बोक्याने मात्र आम्हा दोघांना आळीपाळीने पंजा दिला.

दोन मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. वाटेत प्रत्येक हॉर्नला पिशवीतून पाणी प्यायचा सल्ला येत होता. मेव्हणा पिशवी पोटाशी धरून पुढे चालत राहिला. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

घरात शिरलो आणि मी मालकावर, बाईंवर, जिराफावर, सगळ्यांवर सुटलो. मेव्हण्याने मुकाट्याने स्क्रू पहिल्यासारखा पिळला आणि बोका टेबलावर ठेवला.

"झालं? आता पाणी पी."

स्वयंपाकघराच्या दारात ही पाण्याचा पेला घेऊन उभी होती. समोरच्या दारातल्या वहिनी काय झालं म्हणून डोकावल्या होत्या. त्यांनी बोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मेव्हण्याला हळूच विचारलं, "आमच्या ह्यांच्या आवाजावर बसवून मिळेल का?"

मेव्हण्याचं दुकान आता जोरात आहे. बायका मोबाईलवर नवऱ्याचा आवाज भरून आणतात, तो तिथल्या तिथे स्क्रू पिळून देतो. पाटीवर 'आमची कल्पना' असं लिहिलंय. 'आमची'! सोलून काढायला हवा!

आमचा बोका फ्रीजवर असतो. त्याचे सेल दर आठवड्याला संपतात आणि ते आणायचं काम माझ्याकडे आहे. परवा सेलवाला म्हणाला, "घरात लहान मूल आहे वाटतं?"

"हो," मी खाली मान घालून म्हणालो, "एक आहे."