कृपया मागे सरका

बॉम्ब निकामी करण्याच्या कामाचा पहिला नियम असा की, ज्यांचं तिथे काही काम नाही त्यांनी निघून जावं. दुसरा नियम असा की, ज्यांचं काम आहे त्यांनीही ते शक्य तितकं लांबून करावं. हे दोन्ही नियम पाळले तर बघायला कोणीच उरत नाही, आणि म्हणून या विषयावर खराखुरा चित्रपट काढणं अवघड असतं. सदर कथेलाही पहिला नियम लागू आहे. ज्या वाचकांचं इथे काही काम नसेल त्यांनी याच परिच्छेदातून बाहेर पडावं, ही नम्र विनंती.

कोणी हललेलं दिसत नाही. ठीक आहे.

उस्ताद सैन्याच्या बॉम्बनाशक पथकातून निवृत्त झाले होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी परदेशात, दुसऱ्यांच्या भांडणात शांतता राखायला गेलेल्या तुकडीत काढली. शांतता राखणं म्हणजे दोन्ही बाजूंनी जे पेरून ठेवलेलं असतं ते तिसऱ्याने उकरून काढणं. उस्ताद हातापायांची सगळी बोटं घेऊन परत आले. त्यांच्या धंद्यात याहून मोठं पदक नाही.

त्यांचा जोडीदार मात्र परत आला नाही. त्याला पथकात सगळे ‘सावकाश’ म्हणत, कारण उठता-बसता त्याच्या तोंडी तेवढाच शब्द असायचा. चौकशी समितीने त्याच्या मृत्यूचं कारण ‘घाई’ असं नोंदवलं.

सावकाशच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे कारण काही केल्या पटत नव्हतं. “भावजी, या माणसाला एक कप चहा संपवायला अर्धा तास लागायचा. स्वतःच्या लग्नाला हा सगळ्यात शेवटी पोचला. हा घाई करेल?”

“वहिनी, तिथे बघ्यांची गर्दी झाली होती,” उस्ताद दर वेळी सांगत. “मोठे पाहुणे आले होते दौऱ्यावर. ते पुढे पुढे येत होते. सावकाश ओरडत होता, मागे सरका म्हणून. शेवटी त्यांना वाचवायला तो त्या वस्तूवर पडला.”

“काहीतरीच! बॉम्ब बघायला कोणी पुढे येतं का? तुम्ही आपले माझ्या समाधानासाठी सांगता.”

वहिनींचं काही चुकत नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाला ही गोष्ट खोटीच वाटेल. इकडे नातेवाइकांत मात्र “घाई केली हो बिचाऱ्याने” हे इतक्यांदा बोललं गेलं होतं की सावकाशचा मुलगा परीक्षेत पेपर लवकर देऊन बाहेर आला तरी लोक म्हणायचे, “बापावर गेलाय.”

म्हणून परदेशातल्या बॉम्बनाशक पथकावर एक भव्य चित्रपट निघतोय आणि त्याला तांत्रिक सल्लागार हवाय असं कळलं तेव्हा उस्ताद धावतच गेले. आपण शंभरदा सांगून जे पटलं नाही ते पडद्यावर एकदा दिसलं की वहिनींना पटेल, असा त्यांचा हिशेब होता.

दिग्दर्शकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “उस्ताद, मला सत्य हवंय. निखळ सत्य. प्रेक्षकाला दरदरून घाम फुटला पाहिजे.”

“मग सोपं आहे, सर. बॉम्ब सापडला की आम्ही थांबतो.”

“वा! आणि मग?”

“मग आणखी थांबतो. सकाळी सापडला तर दुपारपर्यंतसुद्धा. आपण लगेच धावत जाऊ असं लावणाऱ्याला वाटत असतं, म्हणून जायचं नाही.”

“आणि तेवढा वेळ तुम्ही काय करता?”

“सावली शोधतो, सर.”

दिग्दर्शकांनी वहीत ‘सावली’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, “सुंदर. हे आपण संगीतातून दाखवू.”

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नमुना म्हणून तेलाचा एक गंजका डबा आणून ठेवला. कला विभागाचे प्रमुख त्याच्याभोवती नाक मुरडत फिरले. “हा बॉम्ब वाटत नाही हो.”

“वाटू नये म्हणूनच तर तो तसा करतात.”

“पण मग प्रेक्षकांना कळणार कसं?”

हा प्रश्न रास्त होता. त्यामुळे डब्यावर एक लाल दिवा बसवण्यात आला. दिवा आहे तर तो उघडझाप करायला हवा, आणि उघडझाप होते आहे तर तिचा आवाज यायला हवा, हेही ओघानेच आलं. शेवटी उरलेला वेळ दाखवणारे लाल आकडे बसले. “ज्याला आम्हाला उडवायचंय तो आम्हाला वेळ कशाला सांगेल?” असं उस्तादांनी विचारलं. निर्मात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, की तिकीट काढून आलेल्या माणसाला किती मिनिटं राहिली हे जाणून घेण्याचा हक्क आहे.

मग तारांचा प्रश्न आला. एक लाल आणि एक निळी तार हवीच, याबद्दल चित्रपटाच्या धंद्यात दुमत नाही. परंतु संरक्षण खात्याने फुकट दिलेल्या ट्रक आणि गणवेशांबरोबर एक संपर्क अधिकारीही दिले होते, आणि त्यांची हरकत असलेलं काहीही चित्रित करता येत नसे. त्यांनी दाखवून दिलं की, आपली तुकडी जिथे होती त्या देशाच्या झेंड्यात लाल रंग आहे आणि त्याच्या शत्रूच्या झेंड्यात निळा. नायकाने कुठलीही तार कापली तरी कोणाशी ना कोणाशी संबंध बिघडणार. पांढरी तार कापली तर आपण शांतताच कापली असा अर्थ निघेल. बऱ्याच बैठकांनंतर जांभळ्या आणि पोपटी रंगांवर एकमत झालं, कारण हे दोन्ही रंग एकत्र लावायला जगातला कोणताही देश तयार झाला नव्हता.

पुढे बॉम्बसूट. खऱ्या सूटचं वजन इतकं असतं की तो घातलेला माणूस बसला तर त्याला उठवायला दुसरा माणूस लागतो. नायकाने तो घातला आणि आरशात बघितलं.

“माझा चेहरा कुठाय?”

“आत आहे,” उस्ताद म्हणाले.

चेहरा दिसला पाहिजे असं नायकाच्या करारात होतं, म्हणून शिरस्त्राणाची काच काढली. काच नसलेलं शिरस्त्राण बादलीसारखं दिसतं म्हणून तेही काढलं. नायकाने या भूमिकेसाठी कित्येक महिने व्यायामशाळेत घालवले होते आणि ते झाकून ठेवणं हा श्रमांचा अपमान ठरला असता, म्हणून बाह्या गेल्या. बटणं कोणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

“मग सूट ठेवायचाच कशाला?” उस्ताद वैतागून म्हणाले.

“अहो, सूट नसला तर खरं कसं वाटेल?” दिग्दर्शकांनी विचारलं.

उस्ताद सगळं गिळत गेले. त्यांचा जीव एकाच प्रसंगात अडकला होता. सावकाशच्या मृत्यूचा प्रसंग त्यांनी जसाच्या तसा सांगितला होता, आणि लेखकाने तो लिहिताना डोळे पुसले होते. संपर्क अधिकाऱ्यांनी तो वाचून डोळे बारीक केले.

“दौऱ्यावर आलेले पाहुणे असे पुढे पुढे करताना दाखवता येणार नाहीत. त्यातले काही अजून पदावर आहेत. पाहुणे राहू देत, पण त्यांनी टाळ्या वाजवाव्यात.”

“टाळ्या?” उस्ताद उभे राहिले. “साहेब, माणूस मरतोय तिथे!”

“मरण्यापूर्वी वाजवतील. प्रोत्साहन म्हणून.”

“पण पाहुण्यांमुळे नाही मरायचं तर मग मरणार कशाने?” लेखकाने नम्रपणे विचारलं.

दिग्दर्शकांना एकदम सुचलं. सावकाशला घरून फोन येतो, मुलगा झाला! आनंदाच्या भरात तो घाई करतो आणि पोपटीऐवजी जांभळी तार कापतो. खोलीतल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला. संपर्क अधिकाऱ्यांनी तर, हे चौकशी समितीच्या निष्कर्षाशीही जुळतं, असं खास समाधान व्यक्त केलं.

उस्तादांनी राजीनामा देऊन बघितला. तांत्रिक सल्लागाराने राजीनामा देण्याची करारात सोय नव्हती, आणि ‘उस्तादांच्या देखरेखीखाली’ असं जाहिरातीत छापूनही झालं होतं. मग ते हातापाया पडले. निदान सावकाशच्या तोंडी एक वाक्य राहू द्या, ‘मागे सरका’ एवढंच. दिग्दर्शक मनाचे मोठे होते. त्यांनी ते वाक्य ठेवलं. पुढे आवाजाच्या जुळवणीत कोणाच्या तरी लक्षात आलं की, ज्या चित्रपटाने सैन्याची मान उंचावायची त्यात सैनिकाने ‘मागे’ म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा सावकाशच्या तोंडी दुसऱ्याच्या आवाजात ‘पुढे व्हा!’ हे शब्द बसवण्यात आले.

पहिल्या खेळाला चित्रपटगृह लखलखत होतं. बाहेरच्या दालनात लाल आकड्यांचे टिकटिकणारे बॉम्ब मांडले होते आणि लोक लहान मुलांना त्यांच्यावर बसवून फोटो काढत होते. वहिनी साधी सुती साडी नेसून आल्या होत्या. उस्ताद त्यांच्या शेजारी बसले, पण त्यांना आधी सगळं सांगून टाकावं एवढं धाडस काही त्यांचं झालं नाही. पडद्यावर सावकाश फोनवर हसला, “पुढे व्हा!” असं ओरडला आणि त्याने जांभळी तार कापली. प्रेक्षकांनी अश्रू ढाळत टाळ्या वाजवल्या.

दिवे लागल्यावर वहिनी पडद्याकडेच बघत म्हणाल्या, “म्हणजे घाईच केली होती ना, भावजी? इतकी वर्षं तुम्ही उगाच...”

उस्तादांना रडू आवरेना. तोंड लपवायला ते खाली वाकले, आणि तिथे पुढच्या खुर्चीखाली त्यांना एक पिशवी दिसली. मळकी, कापडी, तोंडाशी गाठ मारलेली. ना दिवा, ना आवाज. गाठीतून तारेचं एक टोक बाहेर आलेलं होतं आणि त्याला कसलाच रंग नव्हता.

“ही कोणाची आहे?” त्यांनी विचारलं. कोणाचीच नव्हती.

उस्तादांचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. ते उठून शांतपणे, मोठ्याने म्हणाले, “सगळ्यांनी मागे सरका. धक्काबुक्की न करता बाहेर जा.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“ही कल्पना कोणाची?” दिग्दर्शक पुटपुटले. “थेट प्रेक्षकांत! अप्रतिम!”

“सर, हे खरं आहे. मागे सरका!”

“किती सहज बोलतात हो,” मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या आणि नीट दिसावं म्हणून दोन रांगा पुढे आल्या. मोबाइल वर झाले. एका समीक्षकाने पिशवीकडे बघून, लाल दिव्याअभावी प्रसंग फसल्याचं मत नोंदवलं. नायक शर्टाची बटणं काढत पिशवीशेजारी मांडी घालून बसला. संपर्क अधिकारी प्रमुख पाहुण्यांना हाताला धरून गर्दीतून घेऊन आले. “या साहेब, इथून चांगला फोटो येईल. थोडं पुढे.”

“अहो, मागे!” उस्तादांचा आवाज फाटला. “हात जोडतो, मागे सरका!”

“पुढे व्हा!” सभागृहाने एका सुरात साथ दिली. संवाद आता सगळ्यांना पाठ झाला होता.

त्या सगळ्या गर्दीत फक्त एक बाई उठल्या. वहिनींनी पदर सावरला, पर्स घेतली आणि सांगितलं होतं तसं, धक्काबुक्की न करता, त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. जाताना दारात त्यांनी एकदा वळून बघितलं. पिशवीभोवती एकमेकांच्या खांद्यावर चढलेली ती माणसं त्यांनी डोळे भरून बघितली.

दरम्यान बाहेरून कोणीतरी कळवल्यामुळे शहराचं बॉम्बनाशक पथक येऊन पोचलं होतं. दारावरच्या माणसाने त्यांच्याकडे पास मागितले. पास नसल्यामुळे थोडी बाचाबाची झाली, पण त्यांचे सूट पूर्ण बाह्यांचे असल्याचं बघून ही कलाकार मंडळी नव्हेत याची त्याची खात्री पटली आणि त्याने त्यांना बाजूच्या दाराने आत सोडलं. पथकाच्या प्रमुखाने पिशवी बघितली, उस्तादांकडे बघितलं आणि मान हलवली. आता उस्तादांचं तिथे काही काम नव्हतं. त्यांनी पहिला नियम पाळला आणि ते बाहेर पडले.

वहिनी रस्त्याच्या पलीकडे, पार कोपऱ्यावरच्या भिंतीआड उभ्या होत्या. अंतर अगदी बरोबर होतं.

“तिथेही इतके लोक होते?” त्यांनी विचारलं.

“याहून कमी.”

“आणि हे सारखे सांगत होते, मागे सरका?”

“घसा बसला होता त्याचा.”

वहिनी भिंतीला टेकल्या. इतक्या वर्षांचं रडू एकदम आलं आणि त्या रडण्यातच त्यांना हसू फुटलं. “बघा, मी म्हणत नव्हते? घाई करणारा माणूसच नव्हता तो. घाई या बाकीच्यांना होती.” मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, “चला भावजी, कुठेतरी चहा घेऊ. सावकाश पिऊ.”

दोघं कोपरा वळून निघून गेले. कथेतल्या ज्या दोन माणसांची काळजी करावी ती सुखरूप बाहेर पडली, तेव्हा कथा खरं तर इथेच संपली.

पण तुम्ही अजून इथेच आहात. पिशवीत काय निघालं, हे कळल्याशिवाय तुमचा पाय निघत नाहीये. आत पथकाचा प्रमुख गुडघ्यांवर बसलाय, गाठीला हात लावण्यापूर्वी त्याला थोडी मोकळी जागा आणि थोडा वेळ हवाय, आणि त्याच्या खांद्यावरून इतक्या माना आत डोकावतायत की त्याला स्वतःचे हात दिसत नाहीत. त्यातली सगळ्यात पुढची मान कोणाची आहे, हे त्याने आत्ताच वळून बघितलंय. पहिल्या परिच्छेदातच तुम्हाला विनंती केली होती.