बाई, सर

कोणत्याही संस्थेची प्रगती तिने नेमलेल्या समित्यांवरून ओळखावी. आमची शाळा या बाबतीत फारच पुढे आहे. बालवर्गावर पुरुष शिक्षक नेमून शाळेने समानतेचं काम एका झटक्यात हातावेगळं केलं आणि लगेच त्याच्यावर समिती नेमली.

शिक्षकाविरुद्ध तक्रार अशी काहीच नव्हती. तो नाकं पुसायचा, बुटांच्या नाड्या बांधायचा, ससा होऊन उड्या मारायचा. (ससा नर होता की मादी, याची नोंद नाही.) अडचण एकच: मुलं त्याला 'बाई' म्हणत. शिकवतात त्या बाई, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. हाक आली की तो मुकाट्याने 'ओ' देई. पण फाटकाशी उभ्या पालकांना ते ऐकू जाई आणि ते तोंडाला रुमाल लावत. यात शाळेचं हसं होतं, असं समितीचं मत पडलं. मुलं 'सर' म्हणाली तरच बालवर्गावर राहता येईल, असं त्याला कळवण्यात आलं. बिचारा रडकुंडीला आला, कारण त्याचा त्या पोरांवर भारी जीव होता.

तपासणीला समिती मुलांच्या खुर्च्यांवर बसली. (अध्यक्ष खुर्चीसकटच उठले.) मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाळांनो, आता सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, सर."

"सर," प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगितलं आणि ढकलत ढकलत अख्खा वर्ग भिंतीला जाऊन टेकला. एक चिमुरडी तेवढी मागे वळली. "बाई, तुम्ही पण सरा ना."

तो सरला.

अहवाल एकमताने झाला. ज्याला लहान मुलं सर म्हणत नाहीत, त्याला मोठ्यांकडून म्हणवून घेणं हाच उपाय. सबब त्याला पर्यवेक्षक करण्यात आलं.

"मला खालीच राहू द्या हो," तो काकुळतीला आला.

"अहो, लाजताय काय," अध्यक्ष म्हणाले. "बढती आहे."

आता त्याला केबिन आहे, सगळे सर म्हणतात आणि मधल्या सुट्टीत तो खिडकीतून पोरांकडे बघत बसतो. वाईट वाटलं ना? साहजिक आहे. शेजारच्या तुकडीवर एक बाई वीस वर्षं नाकं पुसताहेत आणि ती केबिन न्यायाने त्यांची होती. पण तुम्हाला त्यांची आठवण आली नाही, यात तुमचा काय दोष? त्यांचा विषयच कुणी काढला नव्हता. समितीही अगदी हेच म्हणते.