सतरा नंबरचा पत्ता

ड्रॉइंग ऑफिसातला जुना सर्व्हर माणसाला ओळखत नसे, पत्त्याला ओळखे. ज्या कॉम्प्युटरचा पत्ता यादीत, त्यालाच तो ड्रॉइंग उघडून देई. सगळे ऑफिसात बसत होते तोवर हे ठीक होतं. मग माणसं घरून, ऑफिसच्या नेटवर्कला बाहेरून जोडणाऱ्या व्हीपीएनने काम करू लागली. व्हीपीएन प्रत्येकाला रोज नवा पत्ता देई, आणि सर्व्हर वीस-वीस वर्षं नोकरी केलेल्यांनाही दारातून परत पाठवी.

नेटवर्क सांभाळणारीने तोडगा काढला. माणूस कुठल्याही पत्त्यावरून येवो, राउटरने दारातच तो बदलून त्याचा ऑफिसातला कायमचा पत्ता लावायचा. संध्याकाळपर्यंत सगळे आत गेले. राहिले फक्त नवे साहेब. त्यांना जुना पत्ताच नव्हता. यादीत बदल करायचा पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक होता, आणि ते चार महिन्यांपूर्वी वारले होते. ते तिचे बाबा.

"यादीत हा सतरा रिकामा दिसतोय," साहेब फोनवर म्हणाले.

"तो बाबांचा आहे."

"अहो, पण आता त्यांना कशाला लागतोय?"

तिने सतरा देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला साहेबांचा फोन. "अहो, स्क्रीन बंद पडली! 'आधी जेवून घे' म्हणतेय मला!"

"बाबांनी स्वतःसाठी लावून ठेवलं होतं. शुगर होती त्यांना. वीस मिनिटांनी उघडेल."

तीनला पुन्हा. "छत्तीस ड्रॉइंग आलीत तपासायला! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"सर्व्हरच्या लेखी तुम्ही मुख्य ड्राफ्ट्समन आहात, साहेब."

सहाला तिसरा फोन आला, तेव्हा आवाज बराच खाली उतरला होता. "आता म्हणतंय, 'सहा वाजले. घरी जा, पोरगी वाट बघतेय.' अहो, मी घरीच आहे. आणि मला पोरगीच नाही!"

तिने घड्याळाकडे पाहिलं.

"ऐकताय ना? काढून टाका ते."

"काढता येत नाही. पासवर्ड बाबांबरोबर गेला."

"मग दुसरा पत्ता द्या. कुठलाही द्या!"

"माझा देते. बावीस. मी सतरावर जाते."

"छान! हे कालच का नाही सुचलं तुम्हाला?"

ऑफिसातल्या तमाम तक्रारी सर्व्हर बावीसवर पाठवी. सकाळी दहापर्यंत साहेबांकडे दोन रुसलेले प्रिंटर, विसरलेले नऊ पासवर्ड आणि कीबोर्डवर सांडलेला एक चहा येऊन पडला होता.

"हे सगळं तुम्ही रोज निस्तरता?" साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

तिने सतरावर आलेली ड्रॉइंग ज्याची त्याला परत धाडली. एकला मुकाट्याने जेवली. सहाला स्क्रीन काळी झाली आणि अक्षरं उमटली: घरी जा, पोरगी वाट बघतेय.

पोरगी समोरच बसली होती. टेबलावरचा फोन वाजत होता, बहुधा साहेबांचा. तिने पर्स उचलली आणि ती घरी गेली.