दस्तगीरतात्यांचा तोफखाना

दस्तगीरतात्या मुलाणी लग्नाच्या पंगतीत बसले, की ताटातला भात भात राहत नाही. त्याची टेकडी होते. आमटी ही नदी. लोणच्याची फोड म्हणजे शत्रूचा रणगाडा. ‘हितं आमच्या पलटणीच्या तोफा,’ म्हणून ते शेजाऱ्याच्या ताटातल्या जिलब्या उचलतात आणि आपल्या टेकडीमागे मांडतात. युद्ध संपलं की त्या स्वतःच खातात.

लासुर्ण्यात आमची आणि त्यांची भिंत एक. त्यामुळे एकाहत्तरच्या लढाईतला त्यांच्या तोफखान्याचा इतिहास मला बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पहाट होते, पुलावरून रणगाडे येतात, तोफेवरचे सगळे जखमी होतात आणि एकटा दस्तगीर गोळा भरतो, नेम धरतो, उडवतो. मी शाळेत होतो तेव्हा रणगाडे तीन होते. माझ्या लग्नात सात झाले, मुलाच्या बारशाला अकरा. शत्रूच्या कारखान्यालाही हा वेग झेपला नसता.

तोफांच्या आवाजानं त्यांचा एक कान गेलेला. तो नेमका शंका विचारणाऱ्याच्या बाजूला असतो. बाकी जगाला ते एकच शेरा देतात : ‘दारूगोळा न्हाय!’ सरपंचाच्या भाषणात दारूगोळा नाही, आमच्या म्हशीत नाही, माझ्या बायकोच्या चहात तर मुळीच नाही. तात्या सलूनमध्ये शिरले की अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा उठतो. बायको गेल्यापासून ते घरात एकटेच, त्यामुळे सगळा मारा गावावर. माझं स्पष्ट मत होतं, की या गृहस्थांनी लढाईत फक्त बटाटे सोलले असणार.

मागच्या थंडीत ते सकाळीच दारात. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं.

“एसटी चुकली. मोरगावला सोडतो का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते गाडीवर बसलेसुद्धा. काटेवाडीपर्यंत रणगाडे माझ्या मानेवर होते. बारामती ओलांडल्यावर मी हेल्मेटच्या आत गाणी म्हणू लागलो.

मोरगावात गावाबाहेर एक घर, दारात शेळ्या. सरूबाई नावाची म्हातारी बाहेर आली. तिचा नवरा नामदेव तात्यांच्याच पलटणीत होता. लढाईतून परतला नाही.

“या भाऊजी. वाटच बघत हुते.”

भाकरी झाली, आणि तात्यांनी इतिहास काढला. तीच पहाट, तेच रणगाडे. मी जांभई दाबली. पण तोफेवर एकटा उरला तो नामदेव! गोळा भरला नामदेवानं, नेम धरला नामदेवानं.

“आणि तुम्ही?” मी खोचकपणे विचारलं.

“मी? मी तापानं फणफणलो हुतो. तंबूत पडून.” माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेले.

सरूबाई ताटं गोळा करत हळूच म्हणाली, “लढाई सुरू व्हायच्या आधीच गेले आमचे. चहा करत हुते. पयला गोळा आला तो चुलीवरच.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यांचे साहेब आल्ते तवा. चहा भाऊजींनी मागितला हुता म्हणं.” तिनं ताटं एकात एक ठेवली. “भाऊजींस्नी वाटतं, मला ठाव न्हाय.”

मी माझंही ताट तिच्याकडे सरकवलं. ते घेत तिनं विचारलं,

“तुमच्या गावात त्यांचं ऐकतात न्हवं समदी?”

“ऐकतात की,” मी म्हणालो.

तात्या हात पुसत आले आणि पुन्हा तिच्यासमोर मांडी घालून बसले.

“कुठवर आलो हुतो, वैनी?”

“पुलापाशी.” सरूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “आमचे गोळा भरत हुते. सांगा.”