चिंधी न बांधलेली बादली

विहिरीत बादली सोडली, ती पाण्याला लागली आणि बुडली. वर ओढली तर आत पाणी आणि पाण्यात कॅमेरा. शेजारच्या वामनरावांचा. चार वर्षं ते जो दुरुस्त करत होते, तोच. मी तो पार बुचकळून काढला होता.

त्याचा पुढचा घड्याघड्यांचा कातडी भाता पाण्याने फुगला होता. उचलला तर त्याने माझ्याच लुगड्यावर चूळ टाकली. वामनराव धावत आले. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण ते दोन्ही हात वर करून ओरडले, "हालू नका वयनी!"

हे त्यांचं कायमचं वाक्य. तीस वर्षं ते नागपूरच्या महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होते. गिऱ्हाइकाची हनुवटी वर करायची आणि "हालू नका" म्हणायचं. नोकरी सुटली, सक्करदऱ्याला आमच्या शेजारी राहायला आले, पण वाक्य सुटलं नाही. दूधवाला माप ओतायला लागला की "हालू नका". न्हावी वस्तरा घेऊन पुढ्यात बसला की "हालू नको गा". माझ्या सासऱ्यांची तिरडी उचलताना खांदेकऱ्यांनाही म्हणाले, "हालू नका." अहो, चालायलाच तर जमले होते ते!

कॅमेरा विहिरीत काय करत होता, तेही सांगते. मे महिन्यात नागपूरला डिंक वितळतो. भात्याला लावलेली ठिगळं सुटायला लागली, म्हणून वामनरावांनी कॅमेरा बादलीत ठेवून विहिरीत अर्ध्यावर टांगला. आम्ही बायका लोणी तसंच टांगायचो. ज्याचं लोणी विहिरीत, त्याने खांबाशी दोराला खुणेची चिंधी बांधायची, हा नियम मीच केलेला.

"चिंधी काहून नाही बांधली?" मी उलट त्यांच्यावरच तडकले.

"साऱ्या चिंध्या काच पुसाले लागल्या," ते म्हणाले.

नियम लोण्याचा होता, कॅमेऱ्याचा नाही; आणि बादली सोडण्याआधी आत डोकावायला मला कोणी मना केलं नव्हतं. ते मी मनात कबूल केलं. तोंडाने नाही.

ओट्यावर बसून ते भाता पिळत होते. "पंधरा दिवसांनी शांतीले ऑपरेशनले न्यायचं हाये. त्याच्या आत तिचा फोटो काढाचा होता."

शांताबाई म्हणजे त्यांची बायको. पोटात गाठ होती. कडुनिंबाखाली खाटेवर पडून असायची, पण कान शाबूत होते.

"फोटो काहून? हार घालाले?" तिने खाटेवरून विचारलं.

ते भाता पिळतच राहिले. माझ्याही मनात तेच आलं होतं. बाई अजून जिवंत, आणि हा माणूस भिंतीची सोय करून राहिला! तीस वर्षं सगळ्या नागपूरचे फोटो काढले, बायकोचा एक नाही. मला राग आला. पण कॅमेरा मी बुडवला होता, म्हणून आपलं लुगडं पिळत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परात मागितली आणि कॅमेऱ्याचा एकेक भाग सोडवून तिच्यात गोल मांडला. "ही पंगत हाये वयनी. जो शेवटी उठला तो पहिले बसंल." सोडवण्यात ते तरबेज. लावायची वेळ आली तेव्हा स्क्रू चिमटीत धरला, तो पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला.

"उजेड बरोबर नाही," ते म्हणाले. चार वर्षं काम का संपत नाही, याचं उत्तरही ते हेच द्यायचे.

"ऊन लख्ख पडलं हाये भाऊजी. हात दाखवा."

त्यांनी दाखवला. पीठ चाळताना चाळणी हलते तसा हलत होता. सगळ्या गावाला हालू नका म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचा हात त्याचं ऐकत नव्हता.

"शांतीले सांगू नका," ते हळूच म्हणाले.

"शांतीले माहीत हाये," खाटेवरून आवाज आला. "चार वर्षं झाले, चहा बशीत कमी अन् धोतरावर जास्त सांडून राहिले तुमी."

मी घरातून काटा काढायचा चिमटा आणला. माझं माहेर कुही गावचं, धानशेतीचं. तांदळातले खडे निवडण्यात जन्म गेला, स्क्रू काय मोठी गोष्ट! ते बोट दाखवायचे, मी बसवायची. चुकले की "हालू नका". मी एकदा चिमटा उगारला, तेव्हा जरा कमी झालं.

अकरा दुपारी गेल्या. बाराव्या दुपारी खटका दाबला आणि आतून स्वच्छ "खट्" आलं. जुनं घट्ट झालेलं तेल पुसून गेलं होतं. कॅमेरा बुडाला नसता तर वामनरावांनी आतल्या यंत्राला हात लावला नसता, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

फोटोच्या दिवशी शांताबाई निळं लुगडं नेसून खाटेवर बसली आणि अडून राहिली. "पहिले सांगा. हार घालाले का?"

वामनरावांनी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "बायांच्या वॉर्डात मले बसू देत नाहीत वं. बाहेर फाटकापाशी दिवसभर काय पाहू मी?"

शांताबाईने पदर सारखा केला. बराच वेळ केला.

मग मी पालथ्या कोठीवर ठेवलेला कॅमेरा दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांचं बोट खटक्याकडे थरथरत निघालं.

"आता तुमी हालू नका," शांताबाई म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच खट् झालं.

ऑपरेशनच्या दिवशी वामनराव फाटकापाशी फोटो घेऊन बसले होते. मी डबा घेऊन गेले, तर त्यांनी मान वर केली नाही. फोटोत शांताबाईचं तोंड अर्धवट उघडं आलं होतं.

त्यावरून भांडायला ती ऑपरेशननंतर बाविसाव्या दिवशी घरी आली.