लावण्या कुणावर गेली

जगातलं कुठलंही मूल स्वतःवर जात नाही, हे सत्य सर्वमान्य आहे. ते वडिलांकडच्यांवर जातं, नाहीतर आईकडच्यांवर. कुंभकोणमच्या आम्हा मराठी घरांत हा प्रश्न पूर्वी भांडून सुटत असे. आता त्यासाठी गुण-उगम समिती आहे. दर एकादशीला विठ्ठलाचं भजन आटोपलं, की ती कॉफी घेऊन बैठकीला बसते. मी तिचा चिटणीस.

समितीचं शास्त्र सोपं आहे. गुण रक्तातून येतो, आपल्या. दोष वळण न लावल्यानं येतो, समोरच्यांनी. सात वर्षांच्या लावण्याचे आजवर एकशे बारा गुण नोंदले गेले. त्यातले एकशे दहा वडिलांकडचे निघाले आणि एकशे नऊ आईकडचे. (बेरीज दोनदा तपासली आहे.)

मे महिन्याच्या सुट्टीत या लावण्यानं देवघरातल्या समईचे आटे फिरवून पाच तुकडे केले, पुसले आणि पुन्हा जोडले. मग वडिलांना, म्हणजे दातांचे डॉक्टर सुंदरराव यांना, विचारलं, “अप्पा, हें कसं ओततात? नाचियार्कोविलास जाऊंया का?”

नाचियार्कोविल बसनं जवळच. तिथं समया ओतणारी घरंच्या घरं आहेत.

“आधीं समितीस ठरवूं दे,” सुंदरराव म्हणाले. (निर्णय होईपर्यंत मूल आहे तसं ठेवावं, असा नियम आहे.)

काका जानकीराम म्हणाले, ही बुद्धी आमची. मामा गिरीश म्हणाले, आमची. पुढच्या एकादशीला, समई उघडताना तिच्यातलं तेल सोवळ्यावर सांडल्याचं उघड झालं, तेव्हा दोघांनीही दावे तातडीनं मागे घेतले. मग कळलं, की लहानपणी सुंदररावांनीही घड्याळ उघडलं होतं आणि मार खाल्ला होता. आता ते लेकीला ‘समईला हात लावूं नको’ म्हणून दटावतात, ते रक्तात आहे म्हणून की मार खाल्ला म्हणून, यावर उपसमिती नेमली.

लावण्याची आई शिवकामी उठून म्हणाली, “पोरीचा स्वभाव पाहून आपण वागतों, अन् आपण वागतों तसा तिचा स्वभाव होतो. रक्त अन् घर वेगळं काढतां येत नाही हो. मी तिला नाचियार्कोविलास घेऊन जातें.”

शिवकामी लहान मुलांची डॉक्टर आहे. पण मूल तिचंच असल्यानं तिचं मत पक्षपाती धरून फेटाळण्यात आलं.

नाचियार्कोविल राहून गेलं आणि सुट्टी संपली. शाळा सुरू झाली. जूनच्या बैठकीला लावण्या हाताची घडी घालून कोपऱ्यात बसली होती. समोर समई होती. तिनं हात लावला नाही, काही विचारलंही नाही.

“किती शांत पोर!” जानकीराम म्हणाले. “आमचं वळण.”

“आमचं रक्त,” गिरीश म्हणाले.

समितीच्या इतिहासातला हा पहिला दोष, जो दोन्ही घराण्यांनी आनंदानं मागून घेतला. मला फार वाईट वाटलं. (वाईट वाटणं माझ्या आजोळचं.)

वाचकहो, हसू नका. तुमच्या मुलाचं नाक कुणावर गेलंय, हे तुम्ही झोपेतही सांगाल. त्यानं आज सकाळी तुम्हाला काय विचारलं होतं?