उषाबाई सून बघायला जातात

ही गोष्ट १९९४ सालची. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्या तपासण्यात उषाबाईंची हयात गेली होती. साठी उलटली तरी तोरा कायम! "माझ्या नजरेतून धागा सुटत नाही, तिथं पोरगी काय सुटणार?" असं म्हणत त्या मुलगा धर्मेंद्रला घेऊन डिंडोलीला निघाल्या. सुकदेवरावांची हर्षदा बघायची होती.

धर्मेंद्रने रस्त्यातच हात जोडले. "आई, आजवरच्या सगळ्या मुली तूच नापास केल्यास. या वेळी तरी खोट काढू नको!"

"असली तर काढणारच!"

हर्षदा पोहे देऊन समोर बसली. धर्मेंद्र बघताक्षणी पाघळला. उषाबाईंची नजर मात्र साडीच्या काठावर पडली आणि गुळाला मुंगळा चिकटावा तशी चिकटली. काठातल्या एका फुलाला देठच नव्हता! तरुणपणी त्या एका नजरेत अख्खी खोली टिपायच्या. आता नजर पडेल तिथेच मुक्काम ठोकायची. बिनदेठाची फुलं शोधण्यात त्या गढून गेल्या. तेवढ्यात हर्षदा पाणी आणायला उठली आणि तिच्या जागी वहिनी मंदा टेकली. साडी तीच! मिलमधून बाद झालेला कापडाचा ताका सुकदेवरावांनी घरी आणला होता. त्यात सगळ्या बायकांच्या साड्या तर झाल्याच, वर खिडक्यांचे पडदेही झाले होते.

उषाबाईंनी मान वर केली. गोड आवाजात विचारलं, "मुलं आवडतात का गं?"

"आवडून काय करता? दोन आहेत, दोन्ही वांड!"

उषाबाईंच्या हातातली बशी कलंडली. "दोन?"

"तिसरं वाटेवर!" मंदा लाजली.

"माय वं! धर्मा, ऊठ! सुकदेवराव, लेकुरवाळी बाई माझ्या पोराच्या गळ्यात बांधता?"

"आई, अगं त्या वहिनी आहेत! एवढं मंगळसूत्र, एवढं पोट, काहीच दिसलं नाही तुला?"

"मग पोरगी कुठंय?"

"इथं," तांब्या घेऊन आलेली हर्षदा म्हणाली. "मघापासून मलाच तर बघत होतात!"

सुकदेवराव लालबुंद झाले. "या घरात पोरगी द्यायची नाही!"

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. पण हर्षदा वडिलांच्या कानाशी लागली, "बाबा, द्याच! सासूची नजर सुनेवर पडतच नाही, असं घर दुसरं कुठं मिळणार?"

लग्न झालं. मंदाला मुलगी झाली. सुकदेवरावांनी पडदे बदलले. डॉक्टरांनी उषाबाईंना सांगितलं, "डोळे ठणठणीत आहेत. फक्त जरा इकडेतिकडेही फिरवत चला!" आणि हर्षदा? दर रविवारी नवऱ्याबरोबर डुमसच्या समुद्रकिनारी भजी खायला ती सासूच्या समोरून जायची. उषाबाई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत असायच्या, "सून माझी गुणाची. घराबाहेर पाऊल टाकत नाही!"